गोट्यांवरची शाळा

फार पूर्वी, नदीकाठी एकच मोठा उंबर होता, तेव्हाची गोष्ट. त्या उंबरावर साळुंकी शाळा भरवायची. धडा एकच: घारीची सावली कशी ओळखायची, आणि ती पडली की कसं निपचित पडून राहायचं. "माझी शाळा सगळ्यांना खुली आहे," असं ती अभिमानाने सांगायची.

एके दिवशी घारीने नदीच्या गोट्यांमधून टिटवीचं पिल्लू उचललं. साळुंकी तरातरा खाली आली.

"अगं, शाळा दारात असून पिल्लं पाठवली का नाहीस?"

"पाठवली होती की, बाई," टिटवी म्हणाली. "मी किडे वेचायला गेले की तिघंही उंबराखाली येऊन उभी राहायची. पण फांदी धरायला आमच्या पायांना पकडच नाही. आणि वरचं बोलणं खाली ऐकू येत नाही."

साळुंकीने मान वर करून उंबराकडे पाहिलं. उभा जन्म तिने वरूनच शिकवलं होतं. खाली कोण उभं आहे, हे कधी वाकून पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शाळा तापलेल्या गोट्यांवर भरली. साळुंकीचे पाय पोळले, वरच्या पिल्लांनी चोची मुरडल्या, तरी ती रोज खाली उतरत राहिली.

पंधरा दिवसांनी, भर धड्यात, घारीची सावली नदीपात्रावरून सरकली. साळुंकीला ओरडायलाही वेळ मिळाला नाही. सावली गेल्यावर तिने वळून पाहिलं, तर टिटवीचं एकही पिल्लू दिसेना. जिकडेतिकडे नुसते गोटे!

तेवढ्यात तिच्या पायाशी एक गोटा हळूच म्हणाला, "बाई, गेली का हो घार?"