रेघेबाहेरची आठ मिनिटे

कापसाच्या शिवारांमध्ये असलेल्या एका लहानशा धावपट्टीवर एक वृद्ध वैमानिक विमान चालवायला शिकवीत असत. चाळीस वर्षांत त्यांच्या हाताखालून शेकडो शिष्य गेले. त्यांचे नाव पद्माकर; पण सगळे त्यांना नुसते ‘सर’ म्हणत. बोलणे कमी, आणि विमान उतरवण्याची हातोटी अशी, की चाके जमिनीला टेकली कधी हे शेजारी बसलेल्याला कळू नये.

त्यांची अखेरची शिष्या मालविका. ती महाविद्यालयात गणित शिकवी. लहानपणापासून उडण्याची ओढ होती; ती पुरी करायला अडतिसावे वर्ष उजाडले. परवाना हाती आल्यावर तिने एक टॅबलेट घेतला, त्यात मार्ग दाखवणारे अ‍ॅप घातले आणि तो पट्ट्याने मांडीवर बांधून ती उडू लागली. कुठून कुठे जायचे ते सांगितले, की पडद्यावर एक गुलाबी रेघ उमटे आणि त्या रेघेवरून विमानाचे इवलेसे चित्र पुढे सरके. मालविकाला हे फार आवडे. दोन बिंदूंमधले सर्वांत कमी अंतर म्हणजे सरळ रेघ, हे ती रोज फळ्यावर शिकवीत होती; आता ते आकाशात दिसत होते.

सर नव्या साधनांना नाक मुरडणारे नव्हते. चष्मा लावून त्यांनी तिच्याकडून ते अ‍ॅप समजून घेतले. “याने किती जीव वाचतील!” असे ते मनापासून म्हणाले.

तरीही एक गोष्ट तिला कळत नसे. दर शनिवारी दोघे मिळून दोन आसनांच्या विमानातून नदीपलीकडच्या दुसऱ्या धावपट्टीवर जात. नदी आली, की सर विमान हातात घेत आणि रेघ सोडून डावीकडे वळत. पडद्यावर तांबडे आकडे येत: रेघेपासून दोन मैल, तीन मैल, पाच मैल. एका टेकडीपाशी येऊन ते विमान थोडे खाली आणत, पंख दोन वेळा डावे-उजवे झुकवत आणि मग परत रेघेवर येत. तिथे ना डोंगर आडवा होता, ना उडायला बंदी असलेला प्रदेश. या फेऱ्यात आठ मिनिटे जात.

“सर, इथं काय आहे?” तिने एकदा विचारले.

“तुझ्या यंत्राला विचार,” ते म्हणाले.

यंत्राने सांगितले: टेकडी, उंची अमुक इतकी. अ‍ॅपमध्ये प्रत्येक उड्डाणाची वाट जपलेली असे. मालविकाने एकदा त्या सगळ्या वाटा एकावर एक ठेवून पाहिल्या. तीन वर्षांत ते वळण एकदाही चुकले नव्हते. यात काही गहन शिकवण असणार, वेळ आली की सर सांगतील, असे तिने स्वतःला समजावले.

त्या वर्षीच्या वैद्यकीय तपासणीत सरांच्या हृदयाचा दोष निघाला आणि त्यांचे उडणे थांबले. पुढच्या शनिवारी धावपट्टीकाठच्या बाकावर बसून त्यांनी तिला एकटीला जाताना पाहिले आणि ती परत येईपर्यंत ते तिथून उठले नाहीत.

“जायला किती वेळ लागला?”

“सव्वीस मिनिटं, सर! नेहमी चौतीस लागतात,” ती उत्साहाने म्हणाली आणि तिने टॅबलेट पुढे केला. पडद्यावर पट्टीने आखावी तशी वाट होती.

सरांनी ती पाहिली. “छान,” ते म्हणाले. मग नदीच्या डावीकडे, जिथे काहीच नव्हते तिथे, त्यांनी बोट ठेवले आणि बराच वेळ ते तसेच राहू दिले. बोटाखालचा नकाशा हलला, टेकडी पडद्याबाहेर गेली, तरी त्यांच्या ते ध्यानात आले नाही. समोरचा चहा तसाच ठेवून ते घरी गेले.

मालविकाला आठवडाभर चैन पडले नाही. पुढच्या शनिवारी ती नदीपाशी वळली. आजवर या ठिकाणी तिने नेहमी पडद्यावरच्या तांबड्या आकड्यांकडे पाहिले होते. आज तिने पहिल्यांदाच खाली पाहिले. टेकडीच्या पायथ्याशी खेडे होते. खेड्याच्या टोकाला एक कौलारू घर, आणि त्याच्या अंगणात पांढऱ्या कपड्यांतला एक म्हातारा मान वर करून उभा. तिने दोन वेळा पंख झुकवले. म्हाताऱ्याने कपाळावर हात धरून विमानाकडे नीट पाहिले आणि मग तो एकाएकी मटकन खाली बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालविका गाडी काढून त्या खेड्यात गेली. तिने आपण कोण ते सांगायच्या आतच म्हाताऱ्याने विचारले, “काल विमान कोण चालवत होतं?”

“मी. तुम्ही कसं ओळखलंत?”

“तो आधी डावा पंख झुकवतो. काल उजवा झुकला.” म्हातारा एक पाऊल पुढे आला. “तो आहे ना, बाई?”

“आहेत. हृदयाचं दुखणं निघालं, म्हणून उडायची परवानगी राहिली नाही. पण हिंडते-फिरते आहेत.”

म्हाताऱ्याने डोळे मिटून घेतले. मग आत जाऊन त्याने तिच्यासाठी पाण्याचा तांब्या आणला. तो सरांचा थोरला भाऊ, विश्वनाथ. आई शेवटच्या दुखण्यात होती तेव्हा सर दूरच्या गावी होते. हवा बिघडली, विमाने अडकली, रस्ते बंद झाले. ते पोहोचले तेव्हा सगळे आटोपले होते.

“आई तीन दिवस दाराकडे बघत होती,” विश्वनाथ म्हणाला. “तो आला तेव्हा माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. मी म्हटलं, तुला वर राहायचीच हौस आहे, तर वरच राहा. तो पायरीवरून मागे फिरला. चौदा वर्षं झाली. नंतर एका शनिवारी विमान आलं, पंख हलले. तेव्हापासून शनिवारी मी गाव सोडत नाही.”

“तुम्ही हात नाही हलवलात कधी?”

“वाटायचं हलवावा. पण मग वाटायचं, तो खाली येतच नाही, तर हात तरी कशाला?”

“काही निरोप सांगू?”

“मी घरीच असतो म्हणावं,” म्हातारा म्हणाला. “शनिवारीच असं नाही. रोज.”

मालविकाने निरोप पोहोचवला तेव्हा सर धावपट्टीकाठच्या बाकावरच होते. शेवटी ती भीत भीत म्हणाली, “सर, त्या वळणात काहीतरी शिकवण आहे, असं मी इतके दिवस समजत होते.”

“शिकवण नव्हती, मालविका,” ते सावकाश म्हणाले. “भीती होती. त्या घराला बघून पुढे निघून जायचं, यालाच मी भेट म्हणत आलो. दादा अंगणात उभा दिसला, की माझा आठवडा निभायचा. तो का उभा आहे, हे मी स्वतःला कधी विचारलं नाही. तुझं यंत्र मला तांबड्या आकड्यांत सांगायचं, की तू वाट सोडलीस. मी मनात हसायचो, याला काय कळतंय म्हणून. पण ते चुकत नव्हतं. ते बिचारं एकच गोष्ट विचारतं, कुठं जायचंय. तिथंच मी दरवेळी खोटं उत्तर देत होतो.”

ते उठले. “तुझी गाडी आहे ना?”

गाडीत बसल्यावर मालविकाने फोन त्यांच्या हाती दिला. सरांनी चष्मा लावला आणि एक एक अक्षर दाबून त्या खेड्याचे नाव लिहिले. क्षणात रस्ता उमटला. सव्वा तास.

“एवढंच?” ते म्हणाले. नदीच्या पुलावर आल्यावर त्यांनी काच खाली केली.

अंगणात विश्वनाथ सुपात दाणे निवडत बसला होता. वार रविवार होता, त्यामुळे त्याचे आकाशाकडे लक्ष नव्हते. गाडीचे दार वाजले तेव्हा त्याने मान वर केली. सर फाटकाशी येऊन थबकले. आत पाऊल टाकायला त्यांना बराच वेळ लागला. विश्वनाथ सूप बाजूला ठेवून गुडघ्यावर हात देत उठला. दोघे एकमेकांसमोर उभे राहिले. इतक्या जवळून पाहिल्यावर दोघांनाही कळले, की समोरचा किती थकला आहे.

“जेवून आलास?” विश्वनाथने विचारले.

“नाही, दादा.”

“मग चल आत. हातपाय धू.”

मालविका गाडीपाशीच थांबली. सरांनी आसनावरच सोडलेल्या फोनवर ‘तुम्ही पोहोचलात’ अशी अक्षरे उमटली होती. तिने ती वाचली आणि फोन हलकेच बंद केला.

रस्ता दाखवणारी साधने आज आपणा सर्वांच्या खिशात आहेत, आणि ती विश्वासाचीही आहेत. जायचे कुठे आहे, हे मात्र त्यांना आपणच खरे सांगावे लागते.