घरचं पाणी

“आज बाटली कुठली आणलीस, विश्राम?”

गोदामाईंनी सहज विचारलं, आणि विश्राम सबनीसांच्या तोंडचं पाणीच पळालं.

टेकडीवरच्या त्या लहानशा मठाचा रिवाज एकच. हार-नारळ नकोत. येणाऱ्याने घरचं प्यायचं पाणी आणावं, दारातल्या रांजणात ओतावं आणि त्यातलंच पेलाभर पिऊन माईंसमोर बसावं.

सबनीस दर गुरुवारी यायचे, तेही तोऱ्यात. खाली दिसणाऱ्या उंच टॉवरचे ते चेअरमन. पिण्याच्या टाकीत सेन्सर बसवले त्यांनीच. पाणी चांगलं असलं की मोबाइलवर हिरवा ठिपका, बिघडलं की लाल. “तपासलेला माल आहे, माई,” म्हणत ते बाटली उपडी करायचे, आणि पेढीवरच्या शेठजीसारखे मांडी ठोकून बसायचे.

आज त्यांनी बाटलीचं झाकण फिरवलं, तर सील कट्‌कन तुटलं. एवढंसं सील, पण त्या शांततेत केवढ्याने वाजलं!

“दुकानातली आहे, माई. म्हटलं, आज जरा... चांगलं.”

माईंनी बाटली हातातून घेतली. रांजणात ओतली नाही. झाकण घट्ट लावून बाजूला ठेवली.

“गेल्या गुरुवारचं मीही प्यायले रे.”

सबनीसांच्या खिशातला फोन थरथरला. त्यांनी न बघताच कॉल कापला.

“तुझ्या टॉवरमधल्या पडवळांची नात कशी आहे?”

“सलाईनवर आहे.” मग ते चपापले. “तुम्हाला कुणी सांगितलं?”

“तिची आजी येते इथं.”

त्याच मुलीची आई मागे लिफ्टमध्ये म्हणाली होती, पाण्याला वास येतो. सबनीसांनी फोन तिच्यापुढे धरला होता. “वहिनी, नाकाला सर्दी होते, सेन्सरला होत नाही.” अख्खी लिफ्ट हसली होती. तो विनोद आता त्यांच्याच घशात अडकला होता.

“ठिपका काय म्हणतोय?”

“हिरवाच आहे.”

“मग घाम कसला फुटलाय?”

सबनीसांनी रुमालाने कपाळ पुसलं.

माई रांजणाकडे बघत म्हणाल्या, “आमच्या वडिलांचं वाण्याचं दुकान. तराजूचा काटा सारखा थरथरायचा, गिऱ्हाइकं कुरकुरायची. एकदा वडिलांनी काट्याच्या बुडाला मेण चिकटवलं. काटा गप मधोमध उभा. गिऱ्हाइकं अशी खूश!”

सबनीसांची मान खाली गेली.

“वरचेवर लाल व्हायचा, माई. ग्रुपवर नुसती बोंबाबोंब. मला ‘लाल चेअरमन’ म्हणायला लागले. मग मी सेन्सर हलवला... टाकीत वरून पाण्याची धार पडते ना, तिच्याखाली. तिथं त्याला ताजंच पाणी लागतं.”

“आणि तळाला?”

“आज सकाळी झाकण उघडून पाहिलं... नुसता कुबट गाळ.”

“कुणाला बोललास?”

“नाही. व्हॉल्व्ह बंद करून टाकला. पंप बिघडलाय म्हणालो.”

“हुशार आहेस. आणि काल घराघरांत भरून ठेवलेलं?”

“ते पीत असतील,” सबनीस पुटपुटले.

“पोरंसुद्धा?”

“माई, खरं सांगितलं तर मी संपलो हो! सेन्सरसाठी सगळ्यांशी भांडलो मी. आता चेअरमनकी, नाव, चारचौघांतला मान... सगळ्यावर पाणी सोडावं लागेल.”

फोन पुन्हा थरथरला. या वेळी त्यांनी उचलला. पलीकडून वॉचमनचा आवाज, त्याच्यामागे माणसांचा गलका. पंप चालू झालेला दिसतोय म्हणतात, साहेब. पाणी का येत नाही विचारतात. व्हॉल्व्ह उघडायला निघालेत.

सबनीसांनी फोनवर हात ठेवला.

“लोक खोळंबलेत, माई. उपदेश नंतर करा. आत्ता एवढंच सांगा... पाणी सोडू की नको?”

माईंनी ती दुकानातली बाटली उचलली आणि त्यांच्या मांडीवर परत ठेवली.

“कशावर?”