सरळ काठाचा कलश

ज्येष्ठ नागरिक संघाच्या अंकात एक पान मोकळं राहिलं, म्हणून ते माझ्या गळ्यात घातलं. चौथीत शाळा सुटलेला गवंडी मी. मला थापी द्या, लेखणी कशाला देता? दिलीच आहे, तर ऐका.

एकदा एका पेठेत, कधी ते विचारू नका, तांबटांची श्रेणी होती. श्रेणी म्हणजे तेव्हाचा संघच. प्रत्येक सभासदाच्या गळ्यात तांब्याचा बिल्ला असे, त्यावर कलशाचा छाप. बिल्ला बापाकडून मुलाकडे जाई. तो असला तरच गल्लीत भट्टी पेटवता येई, बाळंतपणाला सुईण येई आणि मेल्यावर खांदा द्यायला माणसं येत.

श्रेणीचा प्रमुख एक वृद्ध कारागीर होता. त्याच्या शिष्याने एके दिवशी परगावाहून आलेल्या एका तांबटाला भर सभेत उभं केलं. म्हणाला, याचा बिल्ला खोटा आहे.

"कशावरून?"

"गुरुजी, सगळ्यांच्या कलशाचा काठ डावीकडे दबलाय. याचा सरळ आहे."

तांबटाने नाकारलं नाही. बिल्ला आपणच हाताने ठोकला म्हणाला. बायकोचे दिवस भरले होते, आणि बिल्ल्यावाचून सुईण उंबरा चढत नव्हती. सभेने ठरवलं, सूर्य मावळायच्या आत नवरा-बायको दोघांनी गल्ली सोडावी. शिष्य शाबासकीची वाट पाहत उभा.

वृद्धाने सगळ्यांचे बिल्ले तपासायला म्हणून मागून घेतले. स्वतःचाही काढला. आणि सगळे भट्टीवरच्या मुशीत टाकून दिले.

एकच गलका उठला. पोट सुटलेला एक सभासद ओरडला, माझा पणजोबांपासूनचा होता.

"मग घागर ठोकायलाही त्यांनाच बोलवा," वृद्ध म्हणाला. मग शिष्याकडे वळला. "आपला ठसा तीन पिढ्या बिघडलेला आहे. कोणाला दिसला नाही, कारण आपण बिल्ला पाहतो तो आतला कोण अन् बाहेरचा कोण, एवढ्यासाठी. हा माणूस काम जाणतो, एवढंच बिल्ल्याने सांगायचं होतं. ते ज्याच्या बिल्ल्याने सांगितलं, त्यालाच आपण हाकलत होतो. आता सभासद कोणीच नाही. महिन्याभरात ज्याने त्याने आपला बिल्ला स्वतः ठोकून आणावा. काठ सरळ पाहिजे."

सुईण दाराशी बसून ऐकत होती. तिने पदर खोचला आणि त्या तांबटाच्या घराकडे चालू लागली. बिल्ला आता कोणाकडेच नव्हता, मागणार कोणाकडे?

दुसऱ्या दिवशी शिष्य तांब्याचा पत्रा घेऊन त्याच दारात उभा राहिला. आतून बाळाचं रडणं येत होतं. काठ कसा उचलायचा ते दाखवाल का, असं त्याने खाली मान घालून विचारलं. तांबट जरा सरकला आणि बसायला जागा करून दिली.

झाली गोष्ट. संघाच्या बागेतला कट्टा मी या हातांनी बांधलाय. ओळखपत्र घरी राहिलं म्हणून त्याच कट्ट्यावरून मला उठवणाऱ्या माणसाने अजून माफी मागितलेली नाही. ते म्हणजे आपले चिटणीस, दिगंबर हुद्दार.