सुंद्राक्कानं वाढवलेल्या बांगड्या

फार वर्षांपूर्वी, आपल्या पणज्यासुद्धा पाळण्यात होत्या तेव्हा, नदीकाठच्या निंबळेवाडीत सुंद्राक्का राहायची. गुऱ्हाळावर कुणी भाजलं की पहिली हाक तिला. तोंडानं भारी फटकळ बाई! पण तिनं पाणी घातलं की आग निवायचीच, असं म्हणतात.

तेव्हा लोकांना एक खोड होती. उकळता गूळ अंगाला चिकटला की ते तो ओरबाडून काढायचे. गुळाबरोबर कातडी यायची. मग वर शेण थापायचे. शहाणेच सगळे!

एकदा भर दुपारी चुलवाणावरून, म्हणजे गुऱ्हाळाच्या मोठ्या चुलीवरून, उतरवताना उकळत्या पाकाची काहील कलंडली. गूळ करणारा दौलू, म्हणजे सुंद्राक्काचा सख्खा भाऊ, त्याच्या पावलावर पाक उडाला. त्याला ओढायला बायको हौसा धावली आणि तिचा हात कोपरापर्यंत पाकात गेला. दौलू असा बोंबलला की चार शिवारांतली माणसं त्याच्याभोवती जमली. हाक ऐकून सुंद्राक्का धावत आली, तेव्हा हौसा खांबाला टेकून बसली होती.

"मला काय दुखत न्हाई, वन्सं. त्यांना बघा."

ते ऐकलं आणि सुंद्राक्का दौलूकडं जायची थांबली. तिनं हौसाच्या हाताला हळूच बोट लावलं. कातडी पांढरी पडलेली, आणि हौसाला बोट लागल्याचं कळलंसुद्धा नाही. भाजणं इतकं खोल गेलं होतं की दुखणंच मेलं होतं.

"दौलूच्या पायावर गार पाणी वता, थांबू नका! गुळाला कुणी हात लावायचा न्हाई!" असं ओरडून ती भावजयीपाशी बसली. हाताला सूज चढू लागली होती, काचेच्या बांगड्या रुतायला लागल्या होत्या. सुंद्राक्कानं पाण्याची धार धरली आणि एकेक बांगडी जपून फोडली.

"अगं, नवरा जिता असताना बांगड्या वाढवतीस?" बाया किंचाळल्या. भावावर उठलेली बहीण म्हणाले लोक तिला.

"बांगड्या पुन्हा भरता येतील. हात कुठनं आणू?"

विहिरीपासून माणसांची रांग लागली. घागरीमागून घागर आली, तरी विहिरीचं पाणी बोटभरही उतरलं नाही, असं म्हणतात. मग धुतलेल्या धोतरात हात सैल गुंडाळून तिनं हौसाला बैलगाडीतून शहराच्या दवाखान्यात नेलं.

हात वाचला. पुढच्या हंगामात हौसा त्याच हातानं भाकरी थापत होती, आणि दौलूचा रुसवा काही जात नव्हता.

"आक्का, मला तसाच सोडून गेलीस!"

"बोंबलत हुतास न्हवं? मग मला कसली काळजी?"

दौलूला हसू आवरेना.

आजही निंबळेवाडीत चुलवाण पेटण्याआधी सुंद्राक्काच्या नावानं रांजण भरतात. सवाष्णी बांगड्या उतरवूनच काहिलीजवळ जातात, आणि त्याला कुणी अपशकुन म्हणत नाही. कुणी भाजलंच, तर गलका कितीही असो, गावातलं जाणतं माणूस आधी विचारतं, "गप्प कोण बसलंय?"