महाराजांनी गादी सोडावी

अजिंक्यराजांची पाठ दुखत होती आणि शिक्षा झाली मलंग पिंजाऱ्याला!

दुखणं तसं दोन वर्षांचं. वैद्यबुवांनी तेलं चोळली, निर्गुडीच्या पाल्याने शेकलं, लेपावर लेप दिले. राजांना घटकाभर बरं वाटे, की पुन्हा कमरेवर हात आणि तोंडात ‘आई गं’. हसलं तर पाठीत अशी कळ येई की त्यांनी दरबारात विनोद करायलाच बंदी घातली होती. शेवटी राजांनी आपलं निदान आपणच केलं. दोष गादीचा, ती पुरेशी मऊ नाही! गावात गाद्या भरणारा मलंग एकटाच. त्याने कापूस दोनदा पिंजून आणखी मऊ गादी भरून दिली, तर पाठ आणखी दुखली. मग त्याहून मऊ झाली. असं करता करता राजांच्या पलंगावर सात गाद्या चढल्या. वर जायला शिडी लागे आणि सकाळी त्या खड्ड्यातून राजांना उपसून काढायला दोन हुजरे लागत.

सातव्या गादीनंतर मात्र राजे हट्टालाच पेटले. त्यांनी मलंगला गडावर अडकवून ठेवलं आणि त्याच्या घरी हुकूम धाडला. आठ दिवसांत अशी गादी आणायची, जिच्यात कापूस नाही, सावरी नाही, पिसं नाहीत आणि जिच्यावर निजलं की पाठ दुखत नाही. नाही जमलं, तर मलंगने पिंजण खांद्यावर टाकून राज्याबाहेर चालतं व्हायचं.

घरात होती एकटी लेक, शरीफा. हुकूम ऐकून ती आधी पोटभर रडली. साठीचा बाप, सारा जन्म या गावात गेला, आता तो कुठे जाणार? दुसऱ्या दिवशी भाकरी बांधून ती गडावर गेली, तर अब्बा कोठडीच्या फरशीवर घोंगडी टाकून घोरत पडलेले! तिने त्यांना उठवलं आणि काळजीने पाठीचं विचारलं.

“पाठीला काय धाड भरलीय?” मलंग म्हणाला आणि टुणकन उठून भाकरीला लागला.

शरीफा त्याच्याकडे बघतच राहिली. दिवसभर वाकून कापूस पिंजणारा माणूस हा, आणि याची पाठ ठणठणीत. घरी जाताना ती एकटीच हसत होती.

आठव्या दिवशी ती दरबारात आली, तेव्हा तिच्या काखेत एक घोंगडी होती, बाकी काही नाही. राजांनी गादी कुठे आहे म्हणून विचारलं. शरीफाने मुजरा केला आणि अगदी साध्या आवाजात सांगितलं, “आधी महाराजांनी गादी सोडावी. एकवीस दिवस.”

सेनापतींचा हात तलवारीच्या मुठीवर गेला. राजांचे चुलते काकासाहेब इतकी वर्षं याच सल्ल्याची वाट पाहत होते. त्यांनी घसा खाकरला आणि पागोट्यावरचा तुरा सरळ केला.

“गादी सोडू?” राजे कमरेवर हात ठेवून खाली उतरले आणि गरजले. “आणि माझ्या गादीवर बसणार कोण?”

“कुणी का बसेना, महाराज. त्याचीही पाठ दुखेल.”

काकासाहेबांनी तुरा पुन्हा होता तसा केला. राजांना हसू आलं, त्याबरोबर कळही आली आणि ते कळवळले. शरीफाने भोळा चेहरा करून सांगितलं, की आपण पिंजाऱ्याची पोर, आपल्या घरी गादी म्हणजे कापसाची, दरबारातली ती दुसरी गादी आपल्याला काय ठाऊक? राजांना हे सगळं खरं वाटलं असं नाही. पण पाठ दुखत असली की माणूस पुष्कळ गोष्टी सोडून देतो.

“बरं, माझ्या गाद्या काढल्यास. तुझी कुठे आहे?”

“तयार आहे. फार मोठी आहे, म्हणून दारातून आत आणता आली नाही. महाराज तिच्यावरच उभे आहेत.”

राजांनी पायांकडे पाहिलं. खाली सारवलेली जमीन! ते लालबुंद झाले. “पोरी, आखाड्यात या पाठीला आजवर कुणी माती लावली नाही. आता मी आपल्या हाताने लावून घेऊ?”

“माती कशी लागेल, महाराज?” शरीफाने काखेतली घोंगडी अंथरली. “मध्ये ही आहे ना.”

राजांनी घोंगडी पायाच्या अंगठ्याने चाचपली. शेवटी त्यांनी अट घातली, की एकवीस दिवसांत गुण आला नाही तर बापाबरोबर लेकीनेही राज्य सोडायचं. शरीफाने मान डोलावली.

पहिले तीन दिवस राजांनी पिंजाऱ्याच्या साऱ्या खानदानाचा उद्धार केला. पाचव्या दिवशी त्यांचा आवाज खाली आला. दहाव्या दिवसापासून ते आपले आपण उठू लागले आणि उपसायला ठेवलेले दोन हुजरे दाराशी बसून पेंगू लागले.

बाविसाव्या दिवशी राजे कमरेवरचा हात काढून दरबारात चालत आले. त्यांनी मलंगला सोडवून समोर उभं केलं आणि शरीफाला हवं ते मागायला सांगितलं.

“मला महाराजांची गादी हवी,” शरीफा म्हणाली.

सेनापतींचा हात पुन्हा मुठीवर गेला.

“सातही हव्यात, महाराज. कापूस चांगला आहे, गावाला थंडीपुरत्या रजया होतील. ही बसायची तेवढी तुमच्याकडेच राहू द्या. हिच्याने पाठ नाही दुखत, नुसतं डोकं दुखतं.”

राजे हसले. आधी गालात, मग मोठ्याने, मग मांडीवर थापा मारत पार वाकून हसले. सवयीने त्यांचा हात पाठीकडे गेला. तिथे काहीच दुखत नव्हतं! ते पाहून त्यांना आणखीच हसू आलं. विनोदावरची बंदी तिथल्या तिथे उठली आणि सात गाद्या, वर सोन्याचं कडं, असं सगळं घेऊन शरीफाची बैलगाडी गडाखाली निघाली.

मलंगला लेकीने गाद्यांच्या ढिगावर बसवलं होतं. पहिल्याच वळणावर तो खाली उतरला आणि चालू लागला. एवढ्या मऊ गाद्यांवर बसून त्याची पाठ दुखायला लागली होती.