सोवळ्यातली बुरशी

एका नगरात एकदा एक वृद्ध विदुषी राहत असे. मातीतल्या बुरशींतून औषधं शोधता शोधता तिचे केस पिकले होते. सारे तिला 'बाई' म्हणत. त्या काळी जंतू जुन्या औषधांना जुमानेनासे झाले होते. साध्या जखमेनेही माणसं दगावत.

बाईंच्या शिष्येला जांभळीखालच्या कुजक्या पाल्यात एक करडी बुरशी सापडली. हट्टी जंतूंनी भरलेल्या काचेच्या थाळीत ती ठेवताच भोवतीचे जंतू मेले, स्वच्छ कडं उमटलं. शिष्या हरखली. तिने बुरशी वेगळी काढून निर्जंतुक थाळीत, बेताच्या उबेत वाढवली. बुरशी फोफावली, कडं मात्र पुन्हा उमटेना.

शिष्येची नऊ महिन्यांची लेक आजोळी होती. यश येईतो तिला आणायचं नाही, नाहीतर कामातलं लक्ष उडेल, असं शिष्येने ठरवलं होतं. आता तरी लक्ष कुठे होतं म्हणा! पिशवीत जपलेल्या लेकीच्या टोपड्याचा वास दिवसेंदिवस विरत चालला होता.

"आई, ती मला विसरली तर गं?" ती फोनवर विचारी.

"तुझी ओढणी दिसली की दाराकडे रांगते, मग रडते," आई म्हणे. "तुझी ती बुरशी रडते का?"

एके दिवशी बाई आल्या. जांभळीखालची चिमूटभर माती त्यांनी शिष्येच्या निर्जंतुक थाळीतल्या बुरशीवर भुरभुरली.

"अहो बाई! सहा महिन्यांची मेहनत!"

"एकच थाळी नासवते आहे. ओरडू नकोस."

चार दिवसांत थाळीत नाना रंगांचे ठिपके उगवले. बाईंनी त्यातल्या करड्या बुरशीचा तुकडा जंतूंच्या थाळीवर ठेवला. दुसऱ्या दिवशी कडं उमटलं.

"अगं, तू तिला सगळं दिलंस, शेजार तेवढा काढून घेतलास," बाई म्हणाल्या. "मातीत कुणी तिचा घास पळवतं, कुणी अंगावर येतं. म्हणून ती औषध घडवते. इथे एकटीने कशासाठी घडवावं? सोवळ्यात ठेवलेला जीव जगतो, पण त्याचा गुण निजतो. आता हे औषध वेगळं काढायचं. वर्षं जातील."

वर्षं! आठवड्यापूर्वी शिष्येने लेकीला आणायची मुदतही तितकीच लांबवली असती.

"बाई, दोन दिवस रजा हवी होती. लेकीला आणते."

"आणि लक्ष उडालं तर?"

"उडेलच," शिष्या म्हणाली, "पण ती जवळ असली की परतही येईल."

बाई हसल्या. "आईलाही घेऊन ये. रांगती पोर एकटीला आवरायची नाही."

ज्यांना अडथळा समजून आपण दूर ठेवतो, पुष्कळदा त्यांच्यामुळेच आपल्या हातून काही घडत असतं. एवढं कळायला आपल्याला बुरशी लागावी, याचं एसटीत बसल्यावर शिष्येला हसू आलं. मग खिडकीकडे तोंड करून ती बराच वेळ रडली.