भरल्या पानावरून

चांदवणी संस्थानच्या राजेसाहेबांना साठ वर्षं पूर्ण झाली आणि आरसाच त्यांचा वैरी झाला. म्हातारी माणसं डोळ्यांसमोर नकोत, असा त्यांनी हुकूम काढला. साठीच्या पंगतीत मात्र नेमक्या समोरच येसूआई बसल्या होत्या. राजेसाहेबांना लहानपणी घास भरवणाऱ्या या दाईला आता एकही दात उरला नव्हता. त्या जिलबी मठ्ठ्यात बुडवून, मऊ करून चवीने खात होत्या.

राजेसाहेबांनी स्वतःच्या पानाला हातही लावला नव्हता. ते गुरगुरले, "येसूआई, तुमचं वय फार वाढलंय. उठा इथून."

सगळ्या पंगतीचे हात थांबले. येसूआईंनी तोंडातला घास सावकाश संपवला.

"वाढलंय म्हणूनच बसलेय, सरकार. भरल्या पानावरून कुणी उठतं का?"

कुणीतरी हसू दाबलं. राजेसाहेब आणखी चिडले. "आणि वाढलेलं नकोसं असेल तर?"

"तर वाढप्यापुढे आधीच हात आडवा धरायचा. तुम्ही साठ वर्षं निमूट वाढून घेतलीत, आता नाक मुरडून कसं चालेल? चाववत नसेल तर मठ्ठ्यात बुडवा, पण पानात टाकू नका."

राजेसाहेबांनी येसूआईंच्या पानाकडे पाहिलं. तेवढ्यात वाढपी जिलबी घेऊन आला. राजेसाहेबांचा हात आपसूक पानावर आडवा गेला होता. तो त्यांनी बाजूला घेतला आणि मठ्ठ्याची वाटी जवळ ओढली.

"वाढ," ते म्हणाले.